डार्विन, १९९९ : बोटींच्या बुडाशी आलेला शिंपला

बोटीवर नको असलेला जीव चढला म्हटले की आधी उंदीर आठवतो, मग जाळ्यासोबत फळीवर आलेला समुद्री साप, नाहीतर डोलकाठीवर येऊन बसलेला एखादा थकलेला पक्षी. हे सगळे दिसणारे जीव आहेत. नेदरलंड्समधल्या हुक ऑफ हॉलंड बंदरात आपले भारतीय कावळे जहाजावरूनच पोचले आणि घरटी करून राहिले, पण ते काळे पक्षी तिथे कोणाच्याही नजरेत भरत होते. बोटीच्या पाण्याखालच्या भागाला चिकटून जे येते, त्याकडे मात्र बोट वर ओढेपर्यंत कोणी बघत नाही. आणि सर्वांत मोठे नुकसान करण्याची ताकद असते ती नेमकी त्याच्यात.

उत्तर ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरात मार्च १९९९ मध्ये असा एक जीव सापडला. समुद्रात पसरू लागलेला परका जीव पूर्णपणे निपटून काढल्याची उदाहरणे जगात फार थोडी आहेत, आणि डार्विन त्यांतले एक आहे. म्हणून हे प्रकरण नीट, टप्प्याटप्प्याने समजून घ्यावे असे मला वाटते. मुंबईचाही त्याच्याशी थेट संबंध आहे. तो पुढे येईल.

जागा

डार्विनच्या भरती-ओहोटीत जवळजवळ आठ मीटरांचा फरक पडतो. मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी पाचेक मीटर चढते-उतरते, त्यावरून कल्पना करता येईल. इतक्या फरकात लहान खासगी बोटी उघड्या धक्क्याला बांधून ठेवणे अशक्य. ओहोटीला त्या चिखलात बसतील. म्हणून तिथल्या मरिना, म्हणजे शिडाच्या आणि हौशी बोटी ठेवायच्या बांधीव गोद्या, दुहेरी लॉक गेटच्या मागे आहेत. बोट आत घेताना एक दरवाजा उघडतो, बोट मधल्या कप्प्यात येते, तो दरवाजा मिटतो, मग दुसरा उघडतो. आतल्या पाण्याची पातळी कायम राहते आणि बाहेरच्या समुद्राशी त्याची देवाणघेवाण अगदी कमी होते.

कलन बे ही अशीच एक मरिना. आत सुमारे ६० कोटी लिटर पाणी, चहूबाजूंनी घरे, तरंगत्या धक्क्यांना बांधलेल्या बोटी. पाणी उबदार आणि संथ. बोटींना हवी तशी ही जागा होती, आणि कशाला तरी चिकटून जगणाऱ्या जिवांनाही.

जगभर भटकणाऱ्या शिडाच्या बोटींचा डार्विन हा नेहमीचा मुक्काम आहे. कॅरिबियनमधून पनामा कालवा ओलांडून, पॅसिफिकची बेटे घेत, पुढे इंडोनेशियाकडे आणि हिंदी महासागरात जाणारे खलाशी इथे थांबतात, बोटीची डागडुजी करतात, पाणी-शिधा भरतात. अशा बोटी वाटेत महिनोन्‌महिने निरनिराळ्या बंदरांत उभ्या असतात, आणि उभ्या बोटीच्या बुडावर जीव सर्वांत लवकर धरतात.

दोन पाहण्या

ऑस्ट्रेलियाने त्या काळात आपल्या बंदरांची जैविक पाहणी हाती घेतली होती. कोणत्या बंदरात कोणते स्थानिक आणि कोणते परके जीव आहेत, याची पहिली नोंद करून ठेवायची, म्हणजे पुढे काही नवे आले तर ओळखता येईल, असा हेतू होता. डार्विनमध्ये हे काम तिथल्या राष्ट्रीय विज्ञान संशोधन संस्थेच्या सागरी उपद्रव केंद्राकडे आणि नॉर्दर्न टेरिटरी या प्रांताच्या संग्रहालयाकडे होते. तिथे कोरडा आणि ओला असे दोनच ऋतू, आणि त्यांत समुद्रातले जीवन बदलते, म्हणून पाहणी दोनदा करायची ठरली.

१९९८ मधल्या पहिल्या पाहणीत पाणबुडे कलन बेमध्येही उतरले होते. वावगे काही आढळले नाही. सहाएक महिन्यांनी, मार्चच्या अखेरीस ते पुन्हा उतरले, तेव्हा धक्क्यांचे खांब, दोरखंड, बोटींची बुडे छोट्या काळपट शिंपल्यांनी मढलेली होती. काही जागी दर चौरस मीटरला २३,००० हून अधिक शिंपले मोजले गेले.

हा आकडा मोठा आहेच, पण त्याहून महत्त्वाचे आहे ते सहा महिन्यांचे अंतर. पहिली पाहणी झाली नसती तर हे शिंपले इथलेच असतील, कधीपासून असतील कोण जाणे, असे म्हणता आले असते. सरकारी खात्यांत अशा वाक्यावर वर्ष सहज निघून जाते. इथे ती पळवाट उरली नव्हती. सप्टेंबरच्या सुमारास नव्हते, मार्चमध्ये आहेत. म्हणजे नवे आहेत, आणि भयंकर वेगाने वाढत आहेत.

कोण हा जीव

त्याचे शास्त्रीय नाव मायटिलॉप्सिस सॅली. इंग्रजी नावाचा अर्थ काळ्या पट्ट्यांचा शिंपला असा होतो. मूळचा कॅरिबियन समुद्राच्या आणि मेक्सिकोच्या आखाताच्या परिसरातला. पूर्ण वाढलेला शिंपला जेमतेम अडीच सेंटीमीटरचा. आपल्याकडे खडकावर शिनाणे जसे चिवट धाग्यांनी घट्ट धरून बसतात, तसाच हाही धरतो, पण जागेबद्दल अजिबात चोखंदळ नाही. लाकूड, लोखंड, काँक्रीट, फायबर, प्लॅस्टिक, दोरी, दुसऱ्या शिंपल्याची पाठ, काहीही चालते. गोड्या पाण्यापासून समुद्राहून खारट पाण्यापर्यंत कुठेही तग धरतो. जन्मल्यापासून महिनाभरात प्रजननक्षम होतो, आणि एक मादी हजारोंनी अंडी सोडते.

याच्याच कुळातला झेब्रा शिंपला १९८८ मध्ये अमेरिका-कॅनडाच्या महासरोवरांत सापडला होता. वीजकेंद्रांचे आणि पाणीपुरवठ्याचे नळ त्याने बुजवले आणि आजही तो तिथून हललेला नाही. ही ताजी आठवण डार्विनच्या तज्ज्ञांपुढे होती. शिवाय उत्तर ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर मोत्यांची मोठी शेती आहे. मोत्यांचे कालव ज्या जाळ्यांत टांगून वाढवतात, त्या जाळ्यांवर हा शिंपला बसला तर कालवांना खायला काही उरणार नाही.

हे शिंपले परदेशातून आलेल्या एखाद्या शिडाच्या बोटीसोबत आले असावेत असे मानले गेले. त्या बोटीच्या मालकाला दोष द्यावा असे मला वाटत नाही. बुडावर थोडीफार वाढ असणे ही त्या काळी सर्वमान्य गोष्ट होती, आणि त्या वाढीत नेमके काय आहे हे त्याला कोणी विचारलेही नव्हते.

दरवाजे बंद

शोध लागल्यावर काही दिवसांतच कलन बेचे दरवाजे बंद झाले. आतली बोट बाहेर नाही, बाहेरची आत नाही. शोधानंतर नऊ दिवसांच्या आत मरिना विलग करून रसायनांचा उपचार सुरूही झाला होता. शहरातल्या इतर मरिना तपासल्या तेव्हा आणखी दोन ठिकाणी, टिपररी वॉटर्स आणि फ्रान्सिस बे इथे, हाच शिंपला मिळाला. त्याही बंद केल्या. बाहेरच्या उघड्या बंदरात शोधाशोध झाली. तिथे तो रुजलेला आढळला नाही.

कायद्याची बाजू सोपी नव्हती. खासगी बोट अडवायची, तिच्यात शिरून पाण्याचे नळ उघडायचे, मालकाच्या इच्छेविरुद्ध ती पाण्याबाहेर काढायला लावायची, तर त्याला अधिकार लागतो. नॉर्दर्न टेरिटरीच्या सरकारने मत्स्यव्यवसायाच्या कायद्याचा आधार घेऊन शिंपल्याला उपद्रवी जीव जाहीर केले आणि अधिकाऱ्यांना ते बळ दिले. काम दिवसांत झाले, महिन्यांत नाही.

पण माझ्या मते या प्रकरणाचा कणा वेगळाच आहे. मरिनाचे दरवाजे बंद करणे हे नजरेत भरणारे काम. मात्र मधल्या सहा महिन्यांत किती बोटी आत येऊन, आठवडा-दोन आठवडे राहून, निघून गेल्या होत्या? त्यांतली एखादी बुडाशी शिंपले घेऊन दुसऱ्या बंदरात नांगर टाकून बसली असेल तर कलन बे धुऊन काढून उपयोग काय?

म्हणून मरिनांच्या कार्यालयांतल्या नोंदवह्या उघडल्या गेल्या. कोणती बोट कधी आली, कुठल्या धक्क्याला होती, कधी गेली, पुढे कुठे जाणार म्हणून सांगून गेली. संशयाच्या यादीत चारशेहून अधिक बोटी आल्या. त्यांचा माग काढायचा, गाठायचे, पाणबुडा खाली उतरवून बूड बघायचे, गरज असेल तर बोट वर घ्यायची. काही मासेमारीच्या बोटी होत्या, काही हौशी, काही किनाऱ्याने शेकडो मैल पुढे गेलेल्या. भाड्याचा हिशेब ठेवायला लिहिलेल्या त्या वह्यांनी ऑस्ट्रेलियाचा उत्तर किनारा वाचवला, असे मी म्हणेन. रसायन विकत मिळते. कोणती बोट कधी कुठे होती ही माहिती आधी कोणी लिहून ठेवली नसेल तर ती नंतर कुठूनही आणता येत नाही.

बोट तपासायची म्हणजे नुसते बूड बघून भागत नाही. इंजिन थंड ठेवायला समुद्राचे पाणी आत ओढले जाते, शौचालयाला, फरशी धुवायला वेगळे नळ असतात. या नळांत काळोख असतो, पाणी वाहते असते आणि जीव धरू नयेत म्हणून बुडाला देतात तो विषारी रंगाचा लेप नसतो. शिंपल्याची पाण्यात तरंगणारी सूक्ष्म अळी आत शिरली की शिंपला तिथेच वाढतो. बोट वर घेऊन बूड खरवडून लखलखीत केले तरी नळातले शिंपले जिवंत, आणि बोट पुन्हा पाण्यात उतरली की अंडी सोडायला मोकळे. म्हणून नळांचा उपचार बुडाइतकाच काटेकोरपणे करावा लागतो. सुकाणूचा सांधा, पंख्याच्या दांड्याभोवतीची फट, पाणी आत घेणाऱ्या तोंडावरची जाळी, बोट वर घेताना ठोकळ्यांखाली झाकला जाणारा बुडाचा भाग, या जागी रंगाचा ब्रश नीट पोचत नाही, आणि म्हणून तिथेच आधी शोधायचे.

ब्लीच आणि मोरचूद

आता पाण्याचा प्रश्न. शिंपले एकेक करून काढणे शक्य नव्हते. अळ्या तर डोळ्यांना दिसतही नाहीत. पर्याय एकच होता, मरिनातले पाणी सगळ्याच जिवांना असह्य करायचे.

कलन बेमध्ये आधी क्लोरीन वापरले, म्हणजे द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइट. घरी फरशीला वापरतात तेच ब्लीच, पण दीडशे टनांहून अधिक. क्लोरीनची अडचण अशी की कडक उन्हात ते उडून जाते आणि पाण्यातल्या सेंद्रिय गाळाशी संयोग होऊन संपते. शिंपले मरू लागले की त्यांचेच कुजणारे मांस क्लोरीन खाऊन टाकते. शिवाय शिंपला हुशार असतो. पाणी झोंबू लागले की शिंपा घट्ट मिटून दिवसेंदिवस बसून राहतो. म्हणून जोडीला मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, आला. द्राक्षबागायतदार बोर्डो मिश्रणात वापरतात तोच. तांबे पाण्यात टिकते आणि मऊ अंगाच्या जलचरांना फार थोड्या प्रमाणातही मारक ठरते. दुसऱ्या मरिनांत मुख्य भार मोरचुदावरच होता.

आतले सगळे मेले. शिंपल्यांसोबत मासे, खेकडे, बांधकामावर वाढलेले स्थानिक जीव, कोणी वाचले नाही. लोकवस्तीच्या मधोमध एवढे विष ओतण्याचा निर्णय घेताना काय वाटले असेल, याची कल्पना मी करू शकतो. तरीही तो निर्णय बरोबर होता असे माझे स्पष्ट मत आहे. मरिना मानवनिर्मित होती, दरवाजे बंद होते, आणि बाहेरच्या समुद्रातून तिथे पुन्हा जीव येऊन वसणार हे ठाऊक होते. उघड्या खाडीत हेच केले असते तर तो गुन्हा ठरला असता, आणि त्याचा उपयोगही झाला नसता. आठ मीटरांच्या भरतीने विष आणि अळ्या दोन्ही दूरवर नेल्या असत्या.

शोध लागल्यापासून चार आठवड्यांच्या आत तिन्ही ठिकाणचे शिंपले संपले होते. नंतरच्या पाहण्यांत जिवंत शिंपला मिळाला नाही. खर्च २२ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरांच्या वर गेला.

पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियाने अशा सागरी आणीबाणीसाठी राष्ट्रीय सल्लागार समिती नेमली. डार्विनने परदेशी शिडाच्या बोटींना मरिनात शिरण्यापूर्वी तपासणी लागू केली. पाणबुडा बूड बघतो, नळांत जंतुनाशक द्रावण भरून ठराविक तास ठेवतात, मगच दरवाजा उघडतो. ही तपासणी तिथे मोफत ठेवली, हे मला फार शहाणपणाचे वाटते. पैसे घेतले असते तर खलाशांनी ती चुकवायच्या वाटा शोधल्या असत्या.

आणि मुंबई

हाच शिंपला भारतात १९६७ मध्ये विशाखापट्टणम बंदरात नोंदवला गेला. १९७० च्या दशकात मुंबईच्या गोदीतही त्याची नोंद झाली. डार्विनने चार आठवड्यांत हाकलला तो जीव आपल्या गोद्यांत अर्धशतकाहून अधिक काळ राहतो आहे.

मुंबईची इंदिरा गोदी, म्हणजे १९१४ मध्ये सुरू झालेली जुनी अलेक्झांड्रा गोदी, हीसुद्धा लॉक गेटच्या मागे आहे. कारणही तेच, भरती-ओहोटीतला मोठा फरक. आत संथ, उबदार, गढूळ पाणी. म्हणजे डार्विनमध्ये जी भौतिक परिस्थिती उपयोगी पडली, तशीच इथेही काही प्रमाणात होती. नव्हती ती पहिली पाहणी. अमुक साली गोदीत काय होते आणि काय नव्हते, याची पद्धतशीर नोंद नसल्यामुळे शिंपला ओळखला गेला तेव्हा तो ठाण मांडून बसला होता.

तशी पाहणी मुंबईत पुढे झाली. जहाजांच्या तोलासाठी भरलेल्या पाण्यातून होणारा जिवांचा प्रवास रोखण्यासाठी २००० साली ग्लोबॅलास्ट नावाचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प सुरू झाला. त्यासाठी जगातल्या सहा ठिकाणांची निवड झाली, त्यांत मुंबई होती. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी बंदराची जैविक पाहणी केली. काम मोलाचे होते. पण अशी नोंद दर काही वर्षांनी पुन्हा केली तरच ती कामाला येते. डार्विनला वाचवले ते दुसऱ्या पाहणीने. पहिलीने फक्त तुलनेची सोय केली.

या देवाणघेवाणीला दुसरी बाजूही आहे. आपण कोकणात आवडीने खातो ते हिरव्या कडेचे शिनाणे ऑस्ट्रेलियात उपद्रवी ठरतात. २००१ मध्ये तिथल्या केर्न्स बंदरात ते सापडले तेव्हाही धावपळ झाली. जीव वाईट नसतो. त्याला खाणारे, त्याच्याशी जागेसाठी झगडणारे जिथे नाहीत, तिथे तो आवरत नाही.

आपल्या बोटींसाठी

रत्नागिरी, मालवण, अलिबाग, मुंबई, गोवा इथे आता हौशी बोटी आणि पर्यटकांच्या बोटी वाढत आहेत. त्यांच्या मालकांना या प्रकरणातून थेट उचलता येण्यासारखे बरेच आहे.

बुडावर किंवा नांगराच्या दोरावर कधी न पाहिलेला शिंपला दिसला तर तो पाण्यातल्या पाण्यात खरवडू नये. खरवडलेले जीव खाली पडून जगू शकतात. बोट वर घ्यावी, खरवड ताडपत्रीवर गोळा करावी, उन्हात पूर्ण वाळवावी आणि पाण्यापासून लांब टाकावी. आधी जवळून फोटो काढावा, शेजारी नाणे ठेवून, म्हणजे आकार कळतो. दोन-चार शिंपले बाटलीत घालून मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयात किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात न्यावेत. बोट गेल्या काही महिन्यांत कुठे कुठे उभी होती हे सोबत लिहून द्यावे. दुसऱ्या बंदरातून विकत घेतलेली जुनी बोट आणताना तर हे सगळे ती पाण्यात उतरवण्यापूर्वीच करावे, नळांसकट.

कोकणातल्या मच्छीमारांच्या रिवाजात याचे एक उत्तर आधीपासून आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या सुमारास होड्या किनाऱ्यावर ओढून घेतात, झाकतात, बूड साफ करतात, रंग-तेल लावतात, आणि नारळी पौर्णिमेच्या आसपास पुन्हा पाण्यात ढकलतात. इतके आठवडे पाण्याबाहेर राहिलेल्या बुडावर हा शिंपला जगू शकत नाही. याउलट गोदीतल्या टग, बार्जेस आणि धक्क्याला बांधून ठेवलेल्या हौशी बोटी पावसाळाभरही पाण्यातच असतात. या बोटींना वर्षातून एकदा काही आठवडे कोरडे ठेवायचा नियम बंदरांनी केला, आणि कोणती बोट कधी वर घेतली याची वही ठेवली, तर सुरुवात करायला तेवढेही पुरे आहे.